रस्त्याचा हिशेब कोण मांडतो?
वाहतूक व नागरी अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण आणि आपला व्यापारी

काही महिन्यांपूर्वी आम्ही एका हार्डवेअर व्यापाऱ्याच्या पेढीवर बसलो होतो. त्यांच्या बाजारावरून उड्डाणपूल जाणार असल्याची बातमी होती व बाजारातील ऐंशी दुकानदारांनी सह्या करून त्याविरुद्ध अर्ज दिला होता. हाजीसाहेबांनी गल्ल्यातून अर्जाची नक्कल काढून आमच्या हाती दिली. मजकूर चार ओळींचा होता. पुलामुळे आमचा धंदा बसेल, आमच्या मुलाबाळांवर उपासमारीची पाळी येईल, तरी पूल रद्द व्हावा ही नम्र विनंती. त्याला आलेले उत्तर दोन ओळींचे होते. आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.

“आता सांगा, आम्ही खोटे काय लिहिले?” हाजीसाहेबांनी विचारले.

खोटे काहीच नव्हते. परंतु ज्या टेबलावर पुलाचा निर्णय होतो, तेथे धंदा बसेल या शब्दांना रकाना नसतो. तेथे रकाने असतात ते मिनिटांचे, फेऱ्यांचे, भाड्याचे आणि रुपयांचे. हे रकाने कसे भरावयाचे, कोणती गोष्ट त्यात धरावयाची व कोणती नाही, हे शिकविणारे एक शास्त्र आहे. त्याचे नाव वाहतूक व नागरी अर्थशास्त्र. जगातील मोठ्या विद्यापीठांत त्याचे पदव्युत्तर व पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण दिले जाते. आपल्या व्यापारी व कारागीर कुटुंबांतील फार थोडी मुले तिकडे वळतात. म्हणून आजच्या पाठात आम्ही हा विषय घेतला आहे. त्यात काय शिकवितात, त्याचा आपल्या दुकानाशी संबंध काय आणि आपल्या मुलामुलींनी तेथवर कसे पोहोचावे, हे क्रमाने पाहू.

पहिला धडा : भाडे आणि अंतर

या शास्त्राचा पाया एका शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहीवर घातला गेला आहे. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात योहान फॉन थ्यूनेन या गृहस्थाची टेलो येथे शेती होती. तो वर्षानुवर्षे प्रत्येक खर्चाची बारीक नोंद ठेवी. त्या नोंदींच्या आधारे त्याने १८२६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखविले की, शहरापासून जसजसे लांब जावे, तसतसा मालवाहतुकीचा खर्च वाढतो व त्या प्रमाणात जमिनीचे भाडे उतरते. म्हणून दूध व भाजीपाला शहराला लागून पिकतो. त्याच्या बाहेर सरपणाचे जंगल येते, कारण लाकूड जड व वाहून नेणे महाग. त्यापलीकडे धान्य आणि सर्वांत लांब गुरांची कुरणे. विल्यम अलोन्सो या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ साली हाच विचार शहराच्या आतील घरांना व दुकानांना लावला. आज नागरी अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथूनच सुरुवात करतो.

आपल्या कामाचे उदाहरण घेऊ. समजा, एका बॅग बनविणाऱ्या कारागिराचा गाळा भर बाजारात आहे व त्याचे भाडे महिना ३०,००० रुपये आहे. तीस किलोमीटरवर तेवढाच गाळा १०,००० रुपयांत मिळतो. बचत २०,००० रुपयांची. आता महिन्याला मालाच्या २० फेऱ्या होतात व लांबच्या गाळ्यामुळे प्रत्येक फेरीला टेम्पोचे ७०० रुपये जास्त पडतात. म्हणजे १४,००० रुपये गेले. कारागीर म्हणेल, तरीही ६,००० रुपये वाचले. परंतु प्रत्येक फेरीत मालकाचे दोन तास जास्त जातात. महिन्याचे ४० तास. त्या वेळात त्याने काम केले असते, तर तासाला २०० रुपये मिळाले असते असे धरले, तर आणखी ८,००० रुपये गेले. एकूण खर्च २२,००० आणि बचत २०,०००. ज्याने वेळ मोजला नाही त्याला हा सौदा फायद्याचा वाटला, प्रत्यक्षात तो दरमहा २,००० रुपयांनी तोट्यात गेला.

उच्च वर्गात याला वेळेचे मूल्य म्हणतात. मजुराचा, मालकाचा, गिऱ्हाइकाचा आणि रिकाम्या उभ्या टेम्पोचा तास किती रुपयांचा धरावा, यावर विद्यार्थी महिनोन् महिने घालवितात. रस्ते व पुलांच्या बहुतेक योजनांचा फायदा याच एका आकड्यावर उभा असतो.

दुसरा धडा : एकाच धंद्याची दुकाने एकत्र का?

मग प्रश्न येतो की, भाडे एवढे महाग असताना सोनार झवेरी बाजारातच का बसतात? मालेगाव आणि भिवंडीतच एवढे यंत्रमाग का? आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली याची तीन कारणे दिली. कसबी कामगार तेथे सहज मिळतो. जोडधंदे आसपास उभे राहतात. आणि धंद्यातील नवी युक्ती एकाकडून दुसऱ्याकडे पटकन पोहोचते. माग बंद पडला तर मिस्त्री त्याच मोहल्ल्यात, सायझिंग शेजारी, बॉबिन व शटलचे दुकान नाक्यावर. हीच ती बचत. ती भाड्याच्या पावतीवर दिसत नाही, पण एकटा माग लांब नेऊन बसविला की लगेच जाणवते.

आपल्या वाचकांना हे ऐकून समाधान वाटेल की, मार्शलच्या पाचशे वर्षे आधी, १३७७ साली, ट्युनिसच्या इब्न खल्दून यांनी आपल्या ‘मुकद्दिमा’त शहर आणि कारागिरीचे नाते मांडले होते. शहर जेवढे मोठे व भरभराटीचे, तेवढे हुन्नर वाढतात व त्यांत सफाई येते, असे त्यांनी सांगितले. मोठ्या शहरात गरजेच्या वस्तू स्वस्त व चैनीच्या वस्तू महाग का असतात, याचाही त्यांनी विचार केला आहे. आज या विद्येकडे परकी म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याच धड्यातून आणखी एक गोष्ट कळते. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील फळांचा घाऊक व्यापार मार्च १९९६ मध्ये वाशीला गेला. असा बाजार हलतो तेव्हा सर्वांना मिळून हलावे लागते. एकटा व्यापारी आधी गेला तर त्याला गिऱ्हाईक नाही, हमाल नाही आणि शेजारचा भावही कळत नाही. म्हणून स्थलांतराच्या चर्चेत जागेच्या दरापेक्षा आधी विचारावे की, कोण कोण येणार, केव्हा येणार आणि जोडधंदे येणार की मागेच राहणार.

तिसरा धडा : रांगेची किंमत

विल्यम विक्री हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकातच त्यांनी सुचविले की, गर्दीच्या वेळी भुयारी रेल्वेचे भाडे जास्त व इतर वेळी कमी असावे. पुढे १९६९ साली त्यांनी रस्त्यावरील कोंडीचे एक साधे गणित मांडले. १९९६ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते वारले.

त्यांचे गणित आपल्या शिंप्यांना लगेच समजेल. समजा, एका पुलावरून तासाला १,००० गाड्या जाऊ शकतात आणि २,००० लोकांना बरोबर नऊ वाजता पलीकडे असावयाचे आहे. सर्वांना पार व्हायला दोन तास लागणारच. कोणाला लवकर, कोणाला उशिरा पोहोचावे लागणार. परंतु सर्वजण एकदमच निघाले, म्हणून वर रांगेचाही वेळ फुकट जातो. ईदच्या आधी शिंप्याकडे हेच होते. सर्वांना कपडे चाँदरातीलाच हवेत. हुशार शिंपी शाबानमध्ये कापड आणणाऱ्याला कमी शिलाई लावतो व शेवटच्या आठवड्यात येणाऱ्याला जास्त. काम तेवढेच राहते, पण दारातली झुंबड ओसरते. रांगेत गेलेला वेळ कोणाच्याच गल्ल्यात पडत नाही. तीच किंमत पैशाच्या रूपाने घेतली, तर ती निदान बससेवेसाठी किंवा रस्त्यासाठी वापरता येते.

सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागी सकाळी येणाऱ्या मोटारींवर दिवसाला तीन सिंगापूर डॉलरचा परवाना लावला व १९९८ पासून ही वसुली इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी सुरू केली. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये पाच पौंडांचे शुल्क सुरू केले. स्टॉकहोमने २००६ साली सात महिने प्रयोग केला. हद्द ओलांडून आत येणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोगाआधी विरोधात असलेल्या शहराने नंतरच्या मतदानात थोड्या बहुमताने तो स्वीकारला व २००७ पासून तो कायम झाला. दुकानदारांना विक्री पडण्याची भीती होती. तेथील अभ्यासकांनी विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा किरकोळ व्यापारावर ठळक परिणाम आढळला नाही. न्यूयॉर्कनेही जानेवारी २०२५ पासून असे शुल्क सुरू केले आहे. उद्या आपल्याकडील एखाद्या महानगरात हा विषय निघाला, तर मालाच्या टेम्पोला कोणत्या वेळी किती दर असावा, हे सांगणारा माणूस व्यापाऱ्यांच्या बाजूला असेल काय?

चौथा धडा : अंदाज आणि त्याची तपासणी

नव्या रेल्वेत किती लोक बसतील, हे आधी कसे कळावे? अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को भागात ‘बार्ट’ ही रेल्वे १९७२ साली सुरू झाली. ती होण्यापूर्वी अधिकृत अंदाज असा होता की, कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक तिने जातील. डॅनियल मॅकफॅडन या प्राध्यापकाने लोकांना प्रत्यक्ष विचारून भाडे, चालण्याचे अंतर, थांबण्याचा वेळ यांवरून प्रत्येकाची निवड मोजण्याची रीत बसविली. त्यांचा अंदाज ६.३ टक्के निघाला. प्रत्यक्षात ६.२ टक्के लोक गेले. या कामाबद्दल मॅकफॅडन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ही रीत जगभर शिकवितात. सरकारी अहवालातील आकडा हा शेवटचा शब्द नसतो व अभ्यास असलेला माणूस तो तपासू शकतो, हा यातील बोध आहे.

हे शिक्षण कोठे व कसे घ्यावे?

आता मुलामुलींच्या शिक्षणाकडे वळू. पहिली अट गणिताची आहे. बारावीला गणित सोडले की ही वाट फार अवघड होते. नंतर अर्थशास्त्र, सांख्यिकी किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घ्यावी. मग दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण व पुढे इच्छा असेल तर पीएच.डी. त्यास साधारणतः चार ते सहा वर्षे लागतात. पहिल्या टप्प्यात अर्थशास्त्राचे सिद्धांत व आकडेशास्त्र शिकावे लागते. नंतर निवडीचे गणित, जमिनीचे भाडे, कोंडी, योजनांचा लाभ-खर्च हे विषय येतात. शेवटी स्वतः एखाद्या शहरात पाहणी करून प्रबंध लिहावा लागतो.

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करून तिचे अहवाल १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध केले. नागरी अर्थशास्त्राचा हा आपल्याच मातीतला नमुना होय. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. अर्थशास्त्राचा पाया पक्का करण्यास या दोन्ही जागा उत्तम. पवईच्या आय.आय.टी.त स्थापत्य विभागात वाहतूक अभियांत्रिकी शिकवितात. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ व दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर येथे नगररचना व वाहतूक नियोजनाचे शिक्षण मिळते. परदेशात इंग्लंडचे लीड्स विद्यापीठ, ॲम्स्टरडॅमचे फ्राय विद्यापीठ व कॅलिफोर्नियाचे अर्व्हाइन विद्यापीठ या विषयासाठी नावाजलेली आहेत. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

पैशाचेही स्पष्ट बोलले पाहिजे. घरातला कमावता हात सहा-सात वर्षे शिकत राहणे सोपे नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली, म्हणून तिच्या भरवशावर बेत आखू नये. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा देऊन जे.आर.एफ. मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून सुरुवातीस महिना ३७,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती गुणांवर मिळते व ती सर्वांना खुली आहे. शिवाय हे काम वही, पाहणी व संगणकाचे असल्याने मुलींनीही त्याकडे वळावे, असा आमचा आग्रह आहे.

व्यापाऱ्याच्या मुलाला येथे एक फायदाही आहे. मालाला पोहोचायला उशीर झाला की काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. हमालीचा दर, टेम्पोची खोटी, उधारीवरचा माल, नाक्यावरची अडवणूक हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. त्या अनुभवाला आकडेशास्त्राची जोड मिळाली की तो वर्गात मागे राहणार नाही.

हाजीसाहेबांचा अर्ज पुन्हा लिहू या

शेवटी त्या अर्जाकडे येऊ. मुंबईत मोहम्मद अली रोडवरून गेलेला सुमारे अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल २००२ साली खुला झाला. आपल्या कित्येक वाचकांच्या तो रोज डोक्यावरून जातो, त्यामुळे हा प्रश्न कल्पनेतला नाही. अशा पुलाचा लाभ-खर्च शिकलेला माणूस कसा मांडेल?

समजा, पुलावरून रोज २०,००० गाड्या जातील व प्रत्येकीची सहा मिनिटे वाचतील. रोजचे २,००० तास झाले. तासाला १०० रुपये धरले तर दिवसाला २ लाख व वर्षाच्या ३०० दिवसांचे ६ कोटी रुपये. हा लाभाचा रकाना.

आता दुसरा रकाना. ऐंशी दुकाने, प्रत्येकाकडे रोज तीन टेम्पो, आणि पुलाच्या खांबांमुळे माल उतरविण्यास प्रत्येक टेम्पोची २० मिनिटे जास्त जातात. रोजचे ८० तास झाले. टेम्पो व हमाल मिळून तासाला ३०० रुपये धरले तर दिवसाला २४,००० व वर्षाला ७२ लाख रुपये.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे गिऱ्हाईक दुसऱ्या बाजारात जाईल, ही तक्रार या हिशेबात जवळपास धरली जात नाही. एका दुकानाची विक्री दुसऱ्या दुकानात गेली, तर शहराचे नुकसान झाले असे हे शास्त्र मानत नाही. दुकानदाराला ते कडू लागेल, पण अर्ज लिहिण्यापूर्वी ते माहीत असलेले बरे. वाया जाणारा वेळ, वाढलेली हमाली, गिऱ्हाइकाची जास्तीची चाल आणि एकत्र असलेल्या धंद्याची होणारी फाटाफूट मात्र धरली जाते. तेव्हा तीच मांडावी.

हाजीसाहेबांना आम्ही हा हिशेब कागदावर करून दाखविला. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे पूल काही थांबत नाही.”

या आकड्यांनी थांबत नाही, हे खरे. परंतु ७२ लाखांच्या आकड्यावर मागण्या उभ्या करता येतात. खांबांमध्ये माल उतरविण्याची राखीव जागा, टेम्पोसाठी ठरावीक तास, रस्ता ओलांडण्यास सोयीची वाट, पुलाचा उतार बाजाराच्या तोंडावर न येता पुढे नेणे. त्यांचा खर्च वर्षाच्या ७२ लाखांपेक्षा कमी असेल, तर ती मागणी योजनेच्याच भाषेत योग्य ठरते. आणि एक प्रश्नही विचारता येतो. वाचलेली सहा मिनिटे किती वर्षे टिकणार? नवा रस्ता गर्दीच्या वेळी पुन्हा भरून जातो, असे अँथनी डाउन्स यांनी १९६२ सालीच सांगितले होते. २०११ साली डुरँटन व टर्नर यांनी अमेरिकन शहरांचे आकडे तपासून दाखविले की, रस्ते वाढतात जवळपास त्याच प्रमाणात वाहतूकही वाढते. मिनिटे टिकणार नसतील, तर सहा कोटींचा रकानाही तेवढाच राहत नाही.

महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या वेळी धावपळ करून आकडे जमत नाहीत. म्हणून प्रत्येक बाजारपेठेच्या संघटनेने एक महिनाभर एक वही ठेवावी. किती टेम्पो आले, किती वेळ उभे राहिले, हमाली किती झाली, गिऱ्हाईक कशाने व कोठून आले, एवढ्या चार गोष्टी रोज लिहाव्यात. थ्यूनेननेही सुरुवात वहीपासूनच केली होती.

हाजीसाहेबांची नात यंदा अकरावीला आहे व तिने गणित घेतले आहे. त्या वहीचे काम त्यांनी तिच्याकडे सोपविले आहे. पहिल्या आठवड्याची पाने त्यांनी आम्हास दाखविली. टेम्पोच्या वेळा तिने मिनिटांत लिहिल्या आहेत, आणि दोन दुकानदारांनी अंदाजे सांगितलेल्या वेळांवर काट मारून त्यांना पुन्हा मोजावयास सांगितले आहे.